दूध पाजणाऱ्या आयांसाठी

४ जून

चि. सौ. सूनबाईस,
अ. उ. आ.

फोनवर माझे कान दगा देतात आणि तू बोलतेस चिमणीएवढ्या आवाजात, तेव्हा आपलं टपालच बरं. आधी ठमीचं कळव. अंगावर नीट पिते ना, की आजोबांसारखी अर्ध्यातच पेंगते? ते तर जेवता जेवता ताटावर डुलक्या घ्यायचे. पोर झोपली आणि घास राहिला, अशी गत नको व्हायला.

आता माझा नवा उद्योग ऐक. सगळी नोकरी बाळंतिणींच्या वॉर्डात गेली, तुला ठाऊकच आहे. तिथं एक पाहिलं, की बाई घरी गेली की तिला कुणी वाली नाही. दूध उतरत नाही, बाळ नीट धरत नाही, भेगा पडतात, आणि विचारायचं कुणाला? म्हणून ठरवलं, या बायांनी आठवड्यातून एकदा तरी एकत्र बसावं. वाचनालयाची मागची खोली बुधवारी दुपारी मिळाली. ग्रंथपाल भला माणूस, पण भलताच लाजाळू. 'स्तनपान' म्हटलं की त्याला खोकला येतो. त्याच्यावर दया येऊन मी पाटीवर साधंच लिहिलं: 'दूध पाजणाऱ्या आयांसाठी. दर बुधवारी, दुपारी.'

पहिले दोन बुधवार मी आणि रिकाम्या खुर्च्या. मग एकदाची एक बाई आली. माझ्याच वयाची, केस चापून बसवलेले, हातात कापडी पिशवी. बसल्याबसल्या विचारती झाली, की पगार काय आणि एकेकीकडे मुलं किती. अगं, ती पाळणाघरातली आया! पाटी वाचून तिला वाटलं, बाटलीने दूध पाजणाऱ्या आयांची भरती आहे. हसून हसून माझी पुरेवाट झाली. खरं काय ते सांगितलं, तरी बाई उठेना. तिचं पाळणाघर बंद पडलंय आणि घरी भिंतींशी किती बोलायचं, म्हणाली. तर सध्या आमच्या मंडळात दोन सभासद आहेत, आणि दोघींनाही दूध नाही.

तुला काय सांगायचं, मलाही घर खायला उठतं. ठमीचा पापा घे माझ्या नावाने. लोभ वाढवावा असं लिहायला तू काही परकी नाहीस, तरी वाढव.

तुझी,
आई

१७ जून

ती. आईंना,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र जिन्यातच उभी राहून वाचलं. आयाबाईंचं वाचून मोठ्याने हसले. हसल्यावर लक्षात आलं, की माझा आवाज मीच बऱ्याच दिवसांनी ऐकतेय.

ठमी छान आहे. वजन आता चांगलं वाढतंय. मूठ तोंडात घालते आणि ती आपलीच आहे हे कळलं की दचकते. ह्यांचा फोन आला होता. बोट अजून दोन बंदरं पुढे जाणार, मग सुट्टीचं बघू म्हणाले. 'बघू' हा तुमच्या चिरंजीवांचा आवडता शब्द.

इथं सकाळी आठला सगळ्या दारांना कुलपं लागतात आणि मजला चिडीचूप होतो. लिफ्टचा आवाज आला की मी कान देते, पण ती वरच्या मजल्यावर जाते. खिडकीतून बसडेपो दिसतो. ठमीला मी बसचे नंबर वाचून दाखवते. उगाच बोलायला काहीतरी.

सहज विचारते, तुमच्या मंडळात एखादी बाई बाटली घेऊन आली, तर तिला तुम्ही काय म्हणाल? इथं शेजारच्या इमारतीत एक आहे, म्हणून विचारलं.

तब्येतीला जपा. लोभ आहेच, तो असू द्या.

तुमची,
सून

२६ जून

चि. सौ. सूनबाईस,
अ. उ. आ.

मंडळाला पालवी फुटली! आता चार जणी येतात. एक घड्याळवाली आहे, ती बाळ रडलं तरी काटा बघते, आणि काटा बघून रडत नसलेल्या बाळाला उठवते. एक जुळ्यांची आई आहे. ती बोलताना वाक्य कधीच पुरं करत नाही, कारण तेवढ्यात दुसरं रडतं. आयाबाई चहा करतात, पोरं सांभाळतात आणि मधेच खुर्चीत घोरतात. परवा घड्याळवालीला पान्हा फुटला, पदर भिजला, तर आम्ही टाळ्या वाजवल्या. ग्रंथपाल बाहेर खोकत होता.

तू बाटलीचं विचारलंस. तुझ्या पत्रानेच मला युक्ती सुचली. मी दाराशी कागद लावलाय: 'चपला आणि बाटल्या बाहेर काढून ठेवाव्यात.' सगळ्या खूप हसल्या. त्या शेजारणीला माझा निरोप सांग, की धीर धर, बाळाला लावत राहा, दूध कुठं जात नाही. आजकालच्या पोरी चट हातपाय गाळतात.

आणि तुझं उदाहरण मी सगळ्यांना देते बरं का! म्हणते, माझ्या सुनेकडे बघा. माहेरी आई नाही, नवरा पाण्यावर, घरात दुसरं माणूस नाही, तरी पोर नुसत्या अंगावरच्या दुधावर कसं गुटगुटीत होतंय. तुझं नाव काढलं की माझी छाती फुगते, दूध नसलं तरी.

गेल्या बुधवारी एक कोवळी पोर बाळाला घेऊन आली होती. कागद वाचला आणि दारातूनच परत फिरली. मी हाक मारली, पण थांबली नाही. का कोण जाणे.

या खेपेला पत्र मोठं लिही. तुझी पत्रं आखडत चालली आहेत आणि मी ती पुरवून पुरवून वाचते.

तुझी,
आई

१९ जुलै

ती. आईंना,
शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. तीनदा लिहायला बसले आणि तीनदा फाडलं.

आई, माझं उदाहरण देऊ नका.

शेजारच्या इमारतीत कुणी नाही. ती बाई मीच. तिसऱ्या आठवड्यात उजवीकडे गाठ धरली, ताप भरला. मला वाटलं जिरेल. गळू झालं, डॉक्टरांनी चीर दिली. तेवढ्यात ठमीचं वजन उतरलं होतं. डॉक्टर म्हणाल्या, दुसऱ्या बाजूने पाजा, जमेल. मी लावत राहिले. ती रडायची, मी रडायचे, आणि दूध आटत गेलं. शेवटी पावडरचा डबा आणला. त्या दिवशी ती पोटभर प्यायली आणि इतकी गाढ झोपली, की मी नाकाशी बोट धरून श्वास बघितला.

तुम्हाला कळवायचं राहिलं नव्हतं, आई, मी मुद्दाम नाही कळवलं. ह्यांनाही बजावलं, आईंना सांगू नका. तुमचं पत्र आलं की मी बाटली ओट्याखाली ठेवायचे, जसं काही तुम्ही पाकिटातून बघणार आहात. मग चपलांचं वाचलं. मला हसू आलं नाही. तुमच्या दारातून परत गेलेली ती पोर मीच आहे असं वाटलं.

दिवसभरात माझ्याशी एकच माणूस बोलतो, औषधाच्या दुकानातला. तो विचारतो, मोठा डबा की लहान. मी म्हणते, मोठा. झालं. मी कधीकधी मुद्दाम लहान घेते, म्हणजे परत लवकर जाता येतं.

माझी आई असती तर तिला सांगितलं असतं, असं आधीच्या कागदावर लिहिलं होतं. तो फाडला, कारण ते खरं नाही. मला तुम्हालाच सांगायचं होतं. पण मी हातपाय गाळलेली निघाले, तर तुम्ही मला तसंच 'माझी सून' म्हणाल की नाही, याची भीती वाटत होती. अजून वाटते. लोभाचं काय ते तुम्ही ठरवा.

तुमची,
सून

२७ जुलै

चि. सौ. सूनबाईस,
अ. उ. आ.

पत्र वाचलं आणि पहिला राग तुझा आला. मग माझा आला, आणि तो अजून उतरलेला नाही. अशा गळवांना मी आयुष्यभर पट्ट्या बांधल्या, आणि माझ्या घरच्या पोरीला चीर दिली तेव्हा मी इथं चपलांचे विनोद करत बसले होते. हसणाऱ्या सगळ्या हसल्या, त्यात कोण हसलं नाही ते मी बघितलंच नाही. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, मला तर अख्खं पत्र लागलं.

बुधवारी कागद काढला. मंडळात सांगितलं, की माझ्या सुनेची बढाई खोटी होती. ती बाटलीने पाजते, आणि तिच्यावर काय बेतलं तेही सांगितलं. मग जुळ्यांच्या आईने खाली बघत सांगितलं, की ती एकाला अंगावर पाजते आणि दुसऱ्याला आत येण्याआधीच पाजून आणते, बाटलीने, जिन्यात बसून. आमच्या जिन्यात, सूनबाई! आयाबाईंना ठाऊक होतं. मला का नाही सांगितलं विचारलं, तर म्हणाल्या, तुम्ही सुनेचं कौतुक सांगण्यात रंगला होतात. परत गेलेल्या त्या कोवळ्या पोरीला आम्ही शोधतोय. पत्ता ना नाव. अजून सापडलेली नाही, आणि ते मला टोचत राहणार आहे.

तू विचारलंस, की माझी सून म्हणेन का. वेडे, या घरात मला 'आई' म्हणून हाक मारणारं दुसरं आहे कोण? तुझा नवरा वर्षातून एकदा येतो आणि 'बघू' म्हणतो. तू गेलीस तर मी कुणाची कोण?

शनिवारी निघते. किल्ली आयाबाईंकडे दिली आहे. मी दूध आणायला येत नाही, वाढवायला येत नाही, त्यातलं एक अक्षर काढणार नाही. जखम मात्र बघेन, त्यात लाजू नकोस. दार उघडलंस की पोर माझ्या हातात दे आणि जाऊन झोप. मी उठवीपर्यंत उठलीस तर याद राख.

तुझी,
आई

३० जुलै

ती. आईंना,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र तुम्हाला निघण्याआधी मिळेल की नाही, कोण जाणे. तरी लिहिते.

या. पण आल्याआल्या मी झोपणार नाही, रागवा हवं तर. आधी एक बाटली मी पाजणार आणि तुम्ही समोर बसायचं. पिताना ठमी बाटलीकडे बघत नाही, आई. टक लावून माझ्याकडे बघते, शेवटच्या घोटापर्यंत. इतके दिवस मला वाटत होतं, की हे मला भासतंय. इथं दुसरं कुणीच नव्हतं ना बघायला.

लोभ पत्रातून पुष्कळ झाला. आता तो घेऊन या.

तुमची,
सून