आई फक्त आजारी आहे

ती. सत्तुताईस, धाकट्या तांदीचा जकार्ताहून नमस्कार.

मी बरा आहे. जन्मभर बेटं हिंडून काढलेले फोटो आता नुसते संगणकाच्या पडद्यावरच विकले जातात. परवा आईचाही विकला. विक्री बघणाऱ्या बाईने त्याखाली लिहिलं, ‘छायाचित्रकाराची दिवंगत आई’.

म्हटलं, “आम्हा तोराजा लोकांत रेडे कापून अंत्यविधी होईपर्यंत माणूस घरात आजारीच असतं. ते खोडा.”

“अहो तांदीकाका, विकलेल्यावरचं आता मलाही खोडता येत नाही, संगणकावरची ती नोंद कायमची असते. आणि श्वास थांबून वर्ष झालं म्हणालात ना?”

मग हे पत्र लिहायला बसलो.

छप्पर अजून गळतं का? आईच्या उशाशी सकाळची कॉफी ठेवतेस ना? माझ्या नावानेही एक घोट दे. मात्र हे पत्र तिच्यासमोर मोठ्याने वाचू नकोस.

तुझा,
तांदी