तिघांनी अंगावर घेतलेला आळ

३ फेब्रुवारी

आज दुकानात गेले. एकदाची! घरी पडून पडून छतावरचे डाग पाठ झाले होते. काच कापायची कलम हातात देताना यांनी दहा वेळा माझ्या तोंडाकडे पाहिलं. म्हटलं, फ्रेम चित्राला बसवायचीय, माझ्या तोंडाला नाही! हसले. बरं वाटलं.

दिवस गेले होते — जेमतेम दोन महिने. मग रक्त, मग दवाखाना, मग काही नाही. लिहून टाकलं. आता पुढे.

५ फेब्रुवारी

पुढे कसलं! सलूनवाल्यानं बनवायला दिलेल्या दोन जड आरशांपैकी दुसरा भिंतीला टेकून उभा आहे. त्याच्याकडे बघवत नाही. पहिला उचलताना एक टोक मी धरलं होतं. हे नको म्हणत होते, मीच हट्टानं धरलं. दुसऱ्या दिवशी रक्त.

हे कुणाजवळ बोलले नाही. सासूबाई तर हल्ली माझ्याशी मोजकंच बोलतात. गरम दूध पुढ्यात ठेवतात आणि नजर चुकवतात. हिनं आपल्या हातानं घालवलं, असंच त्यांच्या मनात असणार.

८ फेब्रुवारी

एका गिऱ्हाइकासमोरच काचेला तडा वाकडा गेला. मी सवयीनं सांगितलं — हात चुकला नाही, काचेतच आधीपासून ताण होता, कुणीही कापली असती तरी तडकलीच असती. दुसरी कापून दिली. बाकी दिवस मजेत गेला.

१० फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंकडे तपासणी. सगळं ठीक आहे. उठता उठता तोंडातून निघालंच, की मी आरसा उचलला होता. हे दचकले आणि माझं बोलणं तोडून म्हणाले, चूक तिची नाही, मीच तिला स्कूटरवरून खड्ड्याखड्ड्यांतून नेलं!

बाईंनी आम्हा दोघांना परत बसवलं.

"सुरुवातीच्या दिवसांत गर्भ पडतो, तेव्हा बहुतेक वेळा त्याची मुळातली जुळणीच चुकलेली असते. आईकडून निम्मी, बापाकडून निम्मी गुणसूत्रं येतात. त्यांचा हिशेब चुकला की गर्भ वाढूच शकत नाही. ते आरशानं होत नाही आणि खड्ड्यानंही नाही."

असं कितीतरी जणींना होतं म्हणे. बायका बोलत नाहीत, म्हणून जिला तिला वाटतं आपल्यालाच झालं. पुढच्या खेपेला बहुधा सगळं सुरळीत होतं. मनाची तयारी होईल तेव्हा बघा, म्हणाल्या. फार रक्त गेलं किंवा ताप आला तर मात्र लगेच यायचं.

मी म्हटलं, म्हणजे काचेतला ताण. बाईंना कळलं नाही. यांना कळलं.

जिना उतरताना आम्ही हसत सुटलो. एका गुन्ह्याला दोन आरोपी, आणि दोघंही चोरून शिक्षा भोगतायत! मग भररस्त्यात मी रडले. पोटभर. घरी येताना यांनी खड्डे चुकवायचा खटाटोप केला नाही.

११ फेब्रुवारी

दोन नाही, तीन!

सकाळच्या चहाला सासूबाईंना सगळं सांगितलं. ओट्याकडे तोंड करून ऐकत होत्या. मग हळूच म्हणाल्या, तीन महिने व्हायच्या आतच त्यांनी शेजारच्या शिंपिणीला बातमी सांगितली होती. गोष्ट पोटात राहिलीच नाही. तिची दृष्ट लागली, आपल्या तोंडामुळे झालं, म्हणून त्यांना माझ्याकडे बघवत नव्हतं. आणि मी काय समजत होते!

हे म्हणाले, "आई, तिला सुईत दोरा ओवायला दिसत नाही. तिची नजर कुणाला लागणार?"

सासूबाई हसल्या. पण दिवसभर मला फिरफिरून विचारत राहिल्या. अगदी जड उचललं तरी नाही? नक्की असंच म्हणाली का ती डॉक्टरीण? माझ्या काळजीनं विचारतायत, वाटलं. प्रत्येक वेळी सगळं पहिल्यापासून सांगितलं.

१३ फेब्रुवारी

दुसरा आरसा पोचवला. एक टोक मी धरलं.

१६ फेब्रुवारी

सकाळी सासूबाई ठेवणीतले कपडे घालून दारात उभ्या. म्हणाल्या, "मला तुझ्या डॉक्टरीणबाईंकडे ने. ह्याच्या जन्माआधी माझं एक गेलं होतं. भरली बादली उचललीस म्हणून गेलं, असं सगळे म्हणाले. मला एकदा तिच्या तोंडून ऐकायचंय."

यांना हे माहीतच नव्हतं.