कॉलरचा माइक

अल्फारेटा
९ ऑक्टोबर २०२५

प्रिय गिरीशराव,

सप्रेम नमस्कार. चि. नीलाला आणि अंतराला आशीर्वाद.

इकडे सगळे खुशाल. दहा मिनिटांवर राहणारा मेहुणा पोस्टाने पत्र का पाठवतो, असं तुम्हाला वाटेल. फोनवर पाठवलेलं पुढे कुठे जाईल याचा आता भरवसा राहिलेला नाही. कागद पुढे पाठवायचा तर माणसाला उठून निदान फोटो तरी काढावा लागतो. तेवढ्यात थोडा विचार होतो.

आधी अभिनंदन. नोर्बूच्या सुटकेसाठी तुम्ही केलेल्या कामाबद्दल मंडळ दिवाळीच्या कार्यक्रमात तुमचा सत्कार करणार, हे नीलाने सांगितलं. तिने पैठणी ड्रायक्लीनला टाकलीय. काँग्रेसवूमनच्या ऑफिसातल्या बाईही येणार आहेत म्हणे. साउंड आपलाच आहे. शनिवारी, अठराला, दुपारीच स्पीकर लावून ठेवतो.

तुम्ही बोलता मात्र छान. या गावातली सगळी भाषणं मी कानाला हेडफोन लावून ऐकली आहेत, म्हणून म्हणतो. नोर्बूसाठी कमिटी झाली तेव्हा तुम्हाला पुढे करा, असं मीच सुचवलं होतं. नातेवाईक पेमाचा, पण तिला इंग्रजीत बोलायची भीड वाटते आणि मी बोलायला लागलो की लोकांना वाटतं, माइक टेस्टिंग चाललंय. तुम्ही सूट घालून उभे राहिलात आणि म्हणालात, नदीतून वाळू उपसणाऱ्यांचा व्हिडिओ काढला, एवढाच या माणसाचा गुन्हा, आणि त्यासाठी तो तिबेटमध्ये तुरुंगात आहे. पेमा माझ्या कानाशी लागली, "शशी, तुहा जावई तं लय भारी बोलते बे."

फक्त एक सुधारणा. नोर्बू तिचा कोण, हे तुम्ही दर भाषणात वेगळं सांगता. कधी भाऊ, कधी भाचा. तो तिचा चुलतभाऊ. तिबेटमध्येच मागे राहिलेल्या काकाचा मुलगा. ती आपल्या विदर्भातल्या गोठणगावच्या तिबेटी वसाहतीत जन्मली, शाळेत माझ्याच वर्गात होती. थंडीत तिची आई नागपूरला स्वेटर विकायला गेली की ती आमच्याकडे जेवायची. नोर्बूला तिने कधी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. फोनवर हसताना ऐकलंय तेवढंच.

परवा अंतरा गोडाउनवर आली होती. केबल गुंडाळायला मदत केली पोरीने. मधेच म्हणाली, "मामा, व्हाय डझंट पेमा मावशी कम एनीमोर?" मी म्हटलं, बरं नाही तिला. पोरीने माझ्याकडे असं पाहिलं की मी केबल उलटी गुंडाळली.

का येत नाही, ते तुम्हाला ठाऊक आहे. तरी लिहितो.

नोर्बूची बायको यांगचेन त्याला तुरुंगात भेटून आली आणि तिने एक व्हॉइस मेसेज पाठवला. कुठून कुठून फिरत तो पेमाकडे पोचला. नोर्बूच्या हातात पेला धरवत नाही, ती त्याच्या ओठाला लावायला गेली तर पहारेकऱ्याने पेला काढून घेतला, असं ती सांगते. पेमाने आमच्या डायनिंग टेबलापाशी तो कमिटीला ऐकवला, थांबत थांबत मराठीत सांगितला. निवेदन लिहायचं होतं म्हणून तुमच्या फोनवर दिला. अट एकच होती, हा आवाज बाहेर जायचा नाही. तुम्ही छातीवर हात ठेवून म्हणालात, "पेमाताई, डोन्ट वरी."

आठवड्याभरात तो आवाज इंटरनेटवर होता. मग पोलीस यांगचेनलाही घेऊन गेले. मुलं शेजाऱ्यांकडे आहेत.

मीटिंगमध्ये तुम्ही किती हळहळलात. "यांच्या लोकांत एक गोष्ट राहत नाही यार, आपसात फार बोलतात." हेच तुम्ही ऑफिसातल्या त्या बाईंना कळवलंत. त्यांनी केस बाजूला ठेवली. ज्या घरातून गुपितं फुटतात तिथली माहिती आम्ही पुढे कशी न्यायची, असं त्यांचं म्हणणं, आणि ते चूक नाही. पेमाने तो मेसेज आपल्या बहिणीला ऐकवला होता, तिला वाटलं तिथूनच गेला. मंडळाच्या कार्यक्रमांत लावायची तो मोमोचा स्टॉल तिने बंद केला. मी दाराशी डबा ठेवून येतो, दुसऱ्या दिवशी भरलेलाच उचलतो.

आता गणपतीतलं सांगतो. सूत्रसंचालन तुमच्याकडे होतं. मध्यंतरात तुम्ही आणि आपले अध्यक्ष कुमार स्टेजमागे कॉफी प्यायला गेलात. कॉलरचा माइक तुम्ही बंद केला नाहीत. हॉलमधला आवाज मी बंद केला होता. माझ्या हेडफोनमधला नाही.

तुम्ही म्हणालात, "अरे, ती क्लिप मीच टाकली होती कॉलेजच्या ग्रुपवर. काय रिस्पॉन्स होता. मग गेली कुठे कुठे."

कुमार म्हणाला, "बाप रे. मग?"

"मग काय, पेमाच्या नावावर खपलं. तीपण तसंच समजते. सोड."

मग कॉफीचा घोट. तोही ऐकला.

मध्यंतरानंतर तुमचा माइक दोन-तीनदा किंचाळला, आठवतं? तुम्ही स्टेजवरून म्हणालात, "आमचे मंडपवाले शशीदादा झोपले वाटतं." सगळे हसले. मीही हसलो. मशीन ठणठणीत होतं, गिरीशराव.

मंडपवाला म्हटल्याचा मला राग नाही. गॅस स्टेशनवर रात्रपाळ्या करून दोन जुने स्पीकर घेतले, तिथून इथवर आलो. तुमच्या लग्नाचा मंडपही मीच घातला.

पेमाला मी सगळं सांगितलं. वाटलं, ऐकून चार घास खाईल. ती म्हणाली, "त्याच्या हाती तं मीच देल्लं ना. नीलाचं घर हाये ते शशी, मोडू नको." मी म्हटलं, बरं. खोटं बोललो.

नोर्बूसाठी लिहितोय असं म्हटलं असतं तर शोभलं असतं. पण महिनाभर गाडी चालवताना, जेवताना, मी एकच चित्र बघतोय. तोच सूट, तेच स्टेज, समोर तीच माणसं, आणि तुम्हाला तोंड कुठे न्यावं कळत नाहीये. त्यात यांगचेनचं भलं होणार आहे, हे माझं नशीब. होणार नसतं तरी मी हे केलं असतं.

तर शाल अंगावर पडली की बोलायचं. क्लिप मी पाठवली, पेमाने नाही. मराठीत, आणि मग त्या बाईंकडे बघून इंग्रजीत. नोर्बू आणि यांगचेन, दोघांची नावं घेऊन, केस पुन्हा हातात घ्या म्हणून सांगायचं. पेमा पहिल्या रांगेत असेल. तिला आणायचं माझ्याकडे.

त्या दिवशी ताप आणू नका. तुम्ही नसलात तर तुमच्या वाटणीचं मी बोलेन, इंग्रजी मोडकं असलं तरी समजेल. रेकॉर्डिंग आहे का, हा प्रश्न एव्हाना तुमच्या मनात आला असेल. राहू दे तो तिथेच. शनिवारपर्यंत सोबत होईल.

नीलाला मी काही सांगितलेलं नाही. तुम्ही सांगा, पैठणी घरी यायच्या आत. ती मला काय म्हणेल ते मला माहीत आहे, आणि मी ते ऐकून घेईन.

साडेपाचला मागच्या दाराने या. नवी बॅटरी घालून ठेवतो. माइक तुमच्या कॉलरला मी माझ्या हाताने लावणार आहे.

यंदाच्या भाऊबीजेवर पाणी सोडलेला,
तुमचा मंडपवाला
शशिकांत