शटरला खोबरेल

१४ जुलै ८७, मंगळ.
दुकानात हिराबाई आल्या. सातपाटीच्या, इथं पालघरच्या बाजारात मासळी विकतात. टोपलीत सुक्या बोंबलांखाली कॅमेरा. मुलाचा, सुरेशचा. बटण दाबलं तर ढिम्म. पडला का? "नाय ओ मास्तर. पावसाच्या होड्या वर ओढल्या, इंजिनाला तेल दिलं, कोयत्याला दिलं, तसं ह्यालाबी दिलं. गंजल म्हनून." खोबरेल! चोवीस वर्षं घड्याळं-कॅमेरे उघडतोय, एवढी माया कुणी केली नव्हती.
सुरेश मालवाहू जहाजावर. जाताना मायलेकांचं भांडण, वर्षभर पत्र नाही. पुढच्या आठवड्यात येतोय, एवढा निरोप कुणाकडून तरी. "ह्यो असा बघल तर परत बोलनार नाय माज्याशी." आत रोल? "नाय, रिकामा हाय."

१६, गुरु.
लेन्सची पुढची रिंग काढली. शटरची पाती ओल्या पापडांसारखी चिकटलेली. पेट्रोलचा बोळा फिरवला. मागून नीट दिसावं म्हणून पाठचं दार उघडलं.
आत रोल. बहुतेक सगळे फोटो काढून झालेले. लगेच मिटलं, पण टेबलावर दिवा चालू. दार उघडण्याआधी रोल गुंडाळायची कळ फिरवून बघायची, ताण लागला तर आत रोल, हे मीच लोकांना शिकवतो. गाढव.

१७, शुक्र.
शटर चालू. हिराबाई न्यायला आल्या. रोलचं सांगून टाकलं. कॅमेरा टोपलीत ठेवत म्हणाल्या, "त्याला माजं नाव नका सांगू. मी तुमचं नाय सांगत." सोयीचं होतं. हो म्हणालो. लाज वाटते आता. कॅमेरा त्यांनी नेला, रोल माझ्याकडेच.

२१, मंगळ.
शेजारच्या स्टुडिओत रोल धुतला. न विचारता, हेही आलंच. बाहेरचे वेढे ठार काळे. अगदी आतले, म्हणजे पहिले चार वाचले. चारही हिराबाई. दोरीवर बोंबील टांगताना, पाठमोऱ्या, जाळ्यापाशी बसलेल्या. फोटो काढतोय हे बाईंच्या गावीही नाही. चौथ्यात वळून बघतायत, रागानं. प्रती काढून घेतल्या.

२६, रवि.
सुरेश आला. कॅमेऱ्याच्या केसमध्ये माझ्याच दुकानाची चिठ्ठी राहिलेली. सवयीनं घातली असणार मी.
कॅमेरा नाकाशी धरून म्हणाला, "आय दाराच्या कडीलाबी खोबरेल लावते." मी विचारलं,
"बोललात तिच्याशी?"
"नाय अजून. ह्यात रोल होता."
म्हणालो, दार मी उघडलं, माझ्या हातून गेला. चार वाचलेत. पाकीट पुढे केलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पाकीट न उघडता खिशात घातलं नि गेला.
समोर स्टँडवर सातपाटीची गाडी लागली, भरली, सुटली. तो बाकावरच, पाकीट उघडून. पुढची गाडी तासानं. तो तिच्यात चढतो का बघत, मी दुकान वेळेवर बंद केलं नाही.