डॅगेटला घाबरणारा पेकहॅम

७ सप्टेंबर १९७१, मंगळवार

खोटं बोललो! छप्पन्न वर्षांत इतक्या सफाईने कधी बोललो नव्हतो.

सकाळी अकराच्या सुमारास वाचनालयाच्या नव्या ग्रंथपाल ऑल्मीबाई आल्या. मी मागच्या खोलीत नव्या शवपेटीच्या कड्या पुसत होतो. बाहेर येऊन पाहतो तर या दारात उभ्या. हिरवा कोट, हातात वही. बाई विधवा आहेत आणि वसंतात न्यू बेडफर्डहून आल्यात, एवढंच गावाला माहीत. "मिस्टर पेकहॅम, तुमच्या घडीच्या खुर्च्या मिळतील का? साठ हव्यात."

गावात लग्न असो की बारसं, खुर्च्या आमच्याकडच्याच जातात. पाठीवर 'पेकहॅम आणि पुत्र – अंत्यविधी' असं लिहिलंय, पण बसलं की ते दिसत नाही!

सोळा ऑक्टोबरला एफ्राइम डॅगेटला जाऊन शंभर वर्षं होतायत. आमच्या गावाने जगाला दिलेला एकुलता एक मोठा माणूस, आणि त्याने आयुष्यभर लिहिलं काय, तर भुतंखेतं. त्या दिवशी वाचनालयात त्याच्या तीन सर्वांत आवडत्या गोष्टी मोठ्याने वाचायच्या आहेत. निवड तिघांनी करायची. बाई स्वतः, टेफ्ट मास्तर आणि — "तुम्ही! तुमच्या व्यवसायातल्या माणसाला डॅगेट जितका कळेल तितका कुणाला कळणार? वाचला असेलच ना सगळा?"

"अर्थात," मी म्हणालो. "कोळून प्यायलोय!"

खरं इथे लिहून ठेवतो. आठवीत असताना टेफ्ट मास्तरांनी वर्गात त्याची 'घंटेचा दोर' वाचली होती. तिसऱ्या पानावर मी बाकावरून खाली. चक्कर! त्यानंतर डॅगेटला हात लावलेला नाही. मेलेल्या माणसांचं मला काही वाटत नाही. बिचारी गरीब असतात, ठेवू तिथे राहतात. गोष्टीतली राहत नाहीत.

८ सप्टेंबर, बुधवार

हेप्सीला सांगितलं. थोरली बहीण, लहानपणापासून एका घरात, खाली धंदा आणि वर आम्ही दोघं. तिला नाही सांगायचं तर कुणाला? शिंपल्यांचं सूप ढवळता ढवळता ती इतकी हसली की हातातला डावच पडला.

"तू? डॅगेट? अरे, तू पडदा हलला तरी मला हाक मारतोस!"

"हळू बोल गं."

"कुणासाठी? खाली फक्त कॅप्टन ग्रिनेल आहेत, पेटीत. ते काही गावभर करणार नाहीत."

मग गंभीर होऊन म्हणाली, "त्या बाईच्या डोळ्यांचा रंग कोणता रे?"

"करडा," मी म्हणालो. पटकन म्हणालो. चूक झाली!

१२ सप्टेंबर, रविवार

डॅगेटचे दोन्ही खंड घरी. वाचायची पद्धत ठरवली आहे — भर दुपारी, समोरच्या ओसरीत, पाय उन्हात, हेप्सी हाकेच्या अंतरावर.

'ओलसर भिंत' संपवली. भिंतीत माणूस आहे. जिवंत आहे! गोष्ट संपेपर्यंत तिथेच आहे! मी तीन वेळा उठून पाणी प्यायलो. हेप्सीने खिडकीतून भिंतीवर टकटक केली. मोठी बहीण आहे म्हणून गप्प बसलो.

१४ सप्टेंबर, मंगळवार

'थंड ओंजळ'. अर्धी काल, अर्धी आज. जिन्याच्या कोपऱ्याकडे लक्षच देणार नाही.

१८ सप्टेंबर, शनिवार

निवड समितीची पहिली बैठक. वाचनालयाच्या मागच्या खोलीत, कॉफी आणि बाईंनी केलेले मक्याचे जॉनीकेक.

टेफ्ट मास्तर ब्याऐंशी वर्षांचे आहेत, पण आवाज अजून फळ्यासमोरचाच. "घंटेचा दोर! दुसरी चर्चाच नको." झाली पहिली पक्की. माझ्याकडे पाहून हसले का? त्यांना तो बाक आठवत असेल तर मी संपलो!

दुसरी गोष्ट बाईंनी सुचवली, 'थंड ओंजळ'. तीत नवरा मेल्यावर दोन तासांत उठून बसतो आणि बायकोचा हात असा पकडतो की सुटत नाही. "मिस्टर पेकहॅम, तुमचं मत?"

आता काय बोलणार? भीती वाटली म्हणून सांगू? तोंडाला आलं ते बोललो. "दोन तासांत शक्य नाही. शरीर ताठायला जबड्यापासून सुरुवात होते, हाताची पाळी उशिरा येते. दोन तासांत बोटं मऊच असतात. डॅगेटने कुणाला तरी विचारायला हवं होतं."

बाई हसायला लागल्या. तोंडावर हात धरून, खांदे हलवत. "शंभर वर्षांत डॅगेटची अशी चूक कुणी काढली नसेल!"

"पेकहॅम," मास्तर म्हणाले, "हे साहित्य आहे. तुझं तळघर नव्हे."

पण बाई अजून हसतच होत्या. घरी चालत आलो की उडत, आठवत नाही.

२२ सप्टेंबर, बुधवार

आज वेगळंच घडलं. दुसऱ्या खंडाच्या शेवटी एक छोटी गोष्ट आहे, 'जास्तीचं ताट'. हिच्याविषयी कुणी कधी बोललेलं ऐकलं नाही. भीत भीत सुरू केली. नेहमीप्रमाणे पाय उन्हात.

देवमाशांच्या शिकारीला गेलेलं जहाज परतत नाही. एका खलाशाची बायको रोज संध्याकाळी टेबलावर दोन ताटं मांडते. लोक आधी हळहळतात, मग चेष्टा करतात, मग त्यांना तिची भीती वाटायला लागते. तिच्या दारावरून जायचं टाळतात. अकरा वर्षं! मी पानापानाला वाट पाहत होतो, आता तो येणार, ओला, हिरवा, दारात उभा राहणार. येतच नाही. शेवटी शेजारीण येते, न विचारता त्या दुसऱ्या ताटावर बसते, आणि जेवते. बस. संपली.

मला भीती वाटली नाही. मी रडलो. चांगलाच. हेप्सी बाहेर आली, पाहिलं, चेष्टा न करता आत गेली. म्हणजे पाहा!

चाळीस वर्षं हे काम करतोय. पेटी खाली उतरली, लोक परतले, की मागे एक माणूस राहतो, ज्याला घरी जायचं नसतं. त्याच्याबद्दल कुणी लिहिलेलं मी कधी वाचलं नव्हतं. भुतांवर पोट भरणाऱ्या डॅगेटने लिहिलंय!

तिसरी हीच. ठरलं.

२५ सप्टेंबर, शनिवार

वाट लागली.

दुसरी बैठक. मी तयारी करून गेलो होतो. 'जास्तीचं ताट'बद्दल बोललो, आयुष्यात कधी बोललो नाही इतकं. शेजारणीबद्दल बोललो, त्या बाईच्या हट्टाबद्दल बोललो. वर हेही म्हणालो की माणूस डोळ्यांनी पाहिल्याशिवाय गेला असं मनाला पटत नाही, रोज बघतो मी.

ऑल्मीबाई खिडकीकडे पाहत होत्या. "ती नको," म्हणाल्या.

"पण का —"

"दुसरी कुठलीही घ्या. ती नको." पुस्तकं गोळा केली आणि बाहेर गेल्या. कोट खुर्चीवरच राहिला, तो मी घरी आणला.

मास्तर काठीवर भार देत उठले. मला वाटलं आता आठवीसारखं झापणार. पण हळूच म्हणाले, "तुझा दोष नाही, पोरा. मी वाचनालयाचा विश्वस्त आहे, मला तिच्या नोकरीच्या अर्जावरून ठाऊक. तिचा नवरा मासेमारीच्या बोटीवर होता. तीन वर्षांपूर्वी बोट बुडाली. पाच माणसं. एकही सापडलं नाही."

डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पटत नाही! हे मी तिला सांगितलं! तिला!

२६ सप्टेंबर, रविवार

जेवण गेलं नाही. हेप्सी म्हणाली, "उद्या जा आणि माफी माग. कोट परत दे. आणि ते थापेचंही सांगून टाक."

"तेही?"

"तू नाही सांगितलंस तर मी सांगेन. दुपारी, उन्हात, पाय पसरून!"

तिने ॲपल पाय भाजून कापडात बांधून ठेवलाय.

२७ सप्टेंबर, सोमवार

गेलो. वाचनालयात कुणी नव्हतं. कोट दिला, ॲपल पाय दिला, माफी मागितली. मग एका दमात बाकीचं — की मी डॅगेट वाचलेला नव्हता, आठवीत चक्कर आली होती, आताही दुपारी वाचतो, आणि 'ओलसर भिंत' वाचल्यापासून जिन्याच्या कोपऱ्याकडे बघत नाही.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "तुम्ही तळघरात मेलेल्या माणसांबरोबर एकटे काम करता."

"ती भिंतीत नसतात!"

हसल्या. हसता हसता रडल्या, आणि बराच वेळ दोन्ही चाललं होतं. मी रुमाल दिला. आमच्या खिशात नेहमी तीन असतात.

मग म्हणाल्या, "ती गोष्ट मी तिसऱ्या पानापर्यंत वाचलीय. सहा वेळा. पुढे जात नाही." थोड्या वेळाने, "लोक विचारतात, नवऱ्याची कबर कुठे आहे? काय सांगायचं? तुमच्याकडे येणाऱ्या लोकांचा मला हेवा वाटतो. असं बोलू नये, पण वाटतो."

"बोला," मी म्हणालो. "माझ्यासमोर लोक यापेक्षा वाईट बोलतात."

निघताना म्हणाल्या, "मला वाचून दाखवाल? दुपारीच. तुम्हाला भीती वाटली तर मी आहे."

३ ऑक्टोबर, रविवार

वाचनालयाच्या मागच्या पायऱ्यांवर बसलो. छान ऊन होतं. तिसऱ्या पानावर मी थांबलो, त्यांच्याकडे पाहिलं. "चला पुढे," म्हणाल्या. वाचत गेलो. शेवट झाला तेव्हा त्या गुडघ्यांना मिठी मारून बसल्या होत्या.

"जेवली ती शेजारीण?"

"जेवली."

"आणि हिने तिला जेवू दिलं." मांडीवर पडलेली पानं झटकावीत तसा स्कर्ट झटकत उठल्या. "मग तिसरी हीच. आणि वाचणार मी."

६ ऑक्टोबर, बुधवार

हेप्सी म्हणते, मी शीळ घालत काम करतो, धंद्याला शोभत नाही. खालच्यांची काही तक्रार नाही म्हटलं.

१० ऑक्टोबर, रविवार

ऑल्मीबाई जेवायला आल्या. हेप्सीने आईची चांगली क्रोकरी काढली आणि मग माझी लाज काढली — पडद्याचा किस्सा, मांजराचा किस्सा, सगळं सांगितलं! बाई पोट धरून हसत होत्या. "तुमच्या भावाला गावाने ओळखलेलंच नाही, मिस पेकहॅम."

"मी ओळखलंय ना, तेवढं पुरे आहे," हेप्सी म्हणाली. "अजून घ्या मासा."

दारापर्यंत सोडायला गेलो तेव्हा म्हणाल्या, "आता लिडिया म्हणा. ऑल्मीबाई ऐकलं की मला वाटतं, पुस्तक परत करायला उशीर झालाय कुणाचा तरी."

लिडिया. आता इथेही तसंच लिहायचं.

१६ ऑक्टोबर, शनिवार

साठ खुर्च्या, नव्वदच्या वर माणसं! मासेमार पोर्तुगीज कुटुंबं भिंतीला लागून उभी. टेफ्ट मास्तरांनी 'घंटेचा दोर' वाचली, आणि वाचण्याआधी चष्म्यावरून सगळ्या सभागृहात मला शोधून म्हणाले, "पेकहॅम, दाराजवळ उभा राहा. हवा येते तिथे." आठवत होतं! चाळीस वर्षं आठवत होतं! सगळे हसले. मीही हसलो. तिसऱ्या पानाला दाराची कडी घट्ट धरली. लिडियाने माझ्या बाहीवर हात ठेवला. पडलो नाही. पहिल्यांदा शेवट ऐकला — काही इतका वाईट नाही.

'थंड ओंजळ' मी वाचली. बोटांची चूक आधी सांगून टाकली, मग कुणी घाबरलंच नाही.

मग लिडिया. तिने पुस्तक जेमतेम उघडं ठेवलं होतं, बरीचशी पाठच झाली होती. खुर्ची करकरली नाही. बोटवाल्या मिस्टर सिल्व्हियांनी टोपी काढून छातीशी धरली होती. संपल्यावर टाळ्या नाहीत. लोक बसून राहिले. मग एक म्हातारी पुढे आली, लिडियाचा हात हातात घेतला आणि परत जागेवर जाऊन बसली.

खुर्च्या आम्ही दोघांनी मिळून घड्या केल्या. "उद्या बंदरावर फिरायला येता?" तिनेच विचारलं.

१७ ऑक्टोबर, रविवार

विचारलं! धक्क्याच्या टोकाला, वारा इतका की दोनदा विचारावं लागलं. छप्पन्नाव्या वर्षी ओरडून मागणी घातली, सीगल पक्ष्यांनी ऐकली!

ती नाही म्हणाली नाही. पाण्याकडे पाहून म्हणाली, "अमोस, मी कागदावर विधवा आहे. मनात अजून पुरती झालेले नाही. दोन दिवस द्या. मंगळवारी सांगते."

हेप्सीला काही सांगितलं नाही. तिने काही विचारलं नाही. आणि केक केला!

१९ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी साडेआठला फोन. मला वाटलं उत्तर आलं.

"अमोस, नेड सापडला." नेड, तिचा नवरा. गेल्या आठवड्यात न्यू बेडफर्डच्या एका बोटीच्या जाळ्यात अवशेष आले. दातांवरून काल खात्री झाली. तिचा आवाज अगदी शांत होता. "तिथले लोक विचारतायत, कुणाला बोलवायचं. मी तुमचं नाव सांगितलं. दुसऱ्या कुणाचा हात त्याला लागायला नको."

"मी स्वतः जातो."

"मीही येते."

गाडी धुतली आहे. माझ्या मागणीचं उत्तर थांबेल; आधी नेडला नीट घरी आणायचं आहे.