लाटा तेवढ्या हलत्या हव्यात

तीर्थरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा तो तूर्त कागदावरच मान्य करून घ्यावा.) गुडघा कसा आहे? इकडे मामी ठणठणीत असून कवळीचं माप देऊन झालं आहे. गुरुवारी कवळी बसली की शुक्रवारी तिला गाडीत बसवून देतो. सध्या ती मऊ खाते आणि कडक बोलते, म्हणजे तिची काळजी नको.

काळजी माझी करा. चार दिवस माझा जीव टांगणीला लागला आहे. मामीच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंना वेटिंग रूमसाठी समुद्राचा मोठा फोटो हवा होता. सूर्य मावळतोय, लाटा येताहेत, आणि त्या हलत्या दिसताहेत, असा. त्याने पेशंटचं चित्त थाऱ्यावर राहतं म्हणे. मामीने मला न विचारता सांगून टाकलं, "आमचा भाचा काढेल की! ह्यांच्याच हाताखाली तयार झालाय." मामा, मी काय तयार झालोय ते तुम्हाला माहीत आहे. बावीस वर्षं पासपोर्टचे फोटो काढतोय. पांढरा पडदा, स्टूल, "हलू नका", आणि खटका दाबल्यावर तुम्ही लावलेल्या शिस्तीप्रमाणे न चुकता "हला आता". हलणारी वस्तू मी जन्मात काढलेली नाही. पण मामीला नाही म्हणायची छाती झाली नाही, आणि दुकान बंद करताना तुम्ही दिलेली कॅमेऱ्याची जुनी बॅग खांद्याला लावून मी समुद्र गाठला.

लाट हलती दिसायची तर खटका अर्धा मिनिट उघडा ठेवायचा आणि कॅमेरा स्टँडवर घट्ट हवा, हे मी वाचून गेलो होतो. ओल्या वाळूत स्टँड रुततं हे कुणी लिहिलं नव्हतं. दर लाटेला डावा पाय बोटभर खाली जाई (स्टँडचा, माझे दोन्ही जात होते). फोटोत समुद्र डावीकडे सांडायला निघालेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आमचा पेशंट आधीच आडवा असतो, त्यात समुद्र आडवा नको. दुसऱ्या दिवशी स्टँडखाली फळकुटं घातली, सूर्य पाण्याला टेकला, आणि खटका उघडताना मी सवयीने खणखणीत ओरडलो, "हलू नका!" समुद्राने ऐकलं नाही. पण फिरायला आलेलं एक जोडपं, एक फुगेवाला आणि पोहून बाहेर येणारे एक गृहस्थ (अर्धे पाण्यात) जागच्या जागी थिजले, आणि मी "हला आता" म्हणेपर्यंत बिचाऱ्यांनी श्वास घेतला नाही. लाटा सुरेख आल्या. त्यांच्यासमोर चार जण कॅमेऱ्याकडे बघत उभे, दोन्ही कान दिसतील असे.

तिसऱ्या दिवशी ढग. भिंत रिकामी राहिली तर मामीचा शब्द खाली पडणार, या धास्तीने मी बॅगेत उगाच हात घातला, तर आतल्या कप्प्यात एक पिवळं पडलेलं पाकीट आणि त्यात निगेटिव्ह. मावळता सूर्य, वाहत्या लाटा, आणि कडेला हातात चपला धरून घोटाभर पाण्यात उभी असलेली एक इवलीशी बाई. मी (चुकलो, मामा, चुकलो) तो फोटो मोठा केला, फ्रेम केला आणि माझा म्हणून देऊन टाकला. काल भिंतीवर लागला. डॉक्टरीणबाई खूश आहेत. बाकी क्षेम. गुडघ्याला जपा.

तुमचा,
भाचा

ता. क. ती बाई कोण हे तुम्ही ओळखलं असेल. मी ओळखलं तोवर खिळे ठोकून झाले होते. मामीकडून ती गोष्ट शंभरदा ऐकली आहे: लग्नानंतर तुम्ही तिला पाण्यात उभं केलंत, "हलू नकोस" म्हणालात, आणि सूर्य बघण्याच्या नादात "हल आता" म्हणायचं विसरलात. ती कमरेपर्यंत भिजली, वाटभर तुम्हाला बोलली, आणि तुम्ही रागात म्हणालात, तूच हललीस, फोटो वाया गेला. चाळीस वर्षं ती तो बोल सोसते आहे. मामा, फोटोत ती केसभरही हललेली नाही. आणि पाकिटावर तुमच्याच अक्षरात लिहिलंय, "हलली नाही."

ता. क. दुसरा. तेव्हा खरी विनंती अशी, की गुरुवारच्या आत मामीला बोलावून घ्या. गुडघा वाढला म्हणा. मी चोर, तुम्ही खोटारडे, दोघेही सुटू. कवळी पोस्टाने पाठवतो.

ता. क. तिसरा. पत्र टाकायचं राहिलं, आणि डॉक्टरीणबाईंनी मामीला आजच बोलावलं. ती फोटोसमोर उभी राहिली ती राहिलीच. कंपाउंडरने तीनदा हाक मारली तरी ढिम्म. मग माझ्या खिशातून डोकावणारं पाकीट तिने काढून घेतलं, वाचलं, पर्समध्ये ठेवलं. आत खुर्चीत बसल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, हलू नका हं." मामी म्हणाली, "मी कधीच हलत नाही. ह्यांना विचारा."

शुक्रवारपर्यंत थांबायला ती तयार नाही. उद्याच्याच गाडीने निघते आहे. दात पक्के बसलेत.