मालक कुठायत?

वाई, मंगळवार

ती. नारायणमामा यांस,

चारुशीलाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. खरं म्हणजे माझं डोकं फिरलेलं आहे. तुमची साखर आटोक्यात आहे ना? मामींच्या गुडघ्याचं विचारत नाही, कारण त्याचा साद्यंत वृत्तांत परवा फोनवर ऐकला. पत्र लिहायचं कारणही तेच. फोनवर मी काहीही सांगितलं की तुम्ही ‘बरं, बरं’ म्हणता आणि फोन मामींकडे देता. (कानाचं मशीन टेबलाच्या खणात ठेवून ऐकू येत नसतं, मामा. ते कानात घालायचं असतं.) म्हणून सगळं लिहूनच काढते.

माझी पिकअप तुम्हाला ठाऊक आहे. दर शनिवारी नर्सरीची रोपं भरून पसरणीचा घाट चढते आणि पाचगणीच्या हॉटेलांना पोचवते ती मी. हप्ते फेडले ते मी. टायरात हवा बघते ती मी. दसऱ्यानंतरच्या शनिवारी गुलाबाच्या कुंड्या घेऊन निघाले आणि घाटात दुसऱ्या वळणाच्या पुढे गाडीनं अंग टाकलं. बंद पडली असती तर निदान लोकांनी कीव केली असती. ती नुसती ओढेना. पाय पार खालपर्यंत दाबला तरी हूं की चूं नाही. समोर इंजिनाचा पिवळा दिवा, मागे एसटीचा भोंगा, आणि मी पहिल्या गेरात मुंगीच्या पावलानं. एका स्कूटरवरून तिघं जण मला ओलांडून गेले आणि वर टाटा केला! त्या मेल्यांचे चेहरे माझ्या लक्षात आहेत.

तुम्ही तीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपात काढलीत, तुम्हाला मी काय शिकवणार? पण हे पत्र मामीही वाचतील, तेव्हा त्यांच्यासाठी लिहिते. टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा. आणि ती हवा किती कोंबायची हे ठरवणारी, पंख्याच्या बाजूला बसवलेली मुठीएवढी डबी म्हणजे ॲक्च्युएटर. तिला एक छोटी दांडी असते. ती हलली तर हवा, न हलली तर हरी हरी. तर बिघडली होती ती डबी. सबंध गाडी नाही, सबंध टर्बोही नाही, डबी. पण हे कळायला मला तीन गावं हिंडावी लागली, आणि त्याला कारण तुमचे जावईबापू.

पहिल्यांदा गेले ती इथल्या धोंडिराम मिस्त्रीकडे. त्यानं बॉनेट उघडायच्या आधी माझ्या मागे बघितलं आणि विचारलं, “मालक कुठायत?” म्हटलं, मीच मालक. तर म्हणतो, “तसं न्हाई वो वैनी, गाडीचं मालक.” घाटात काय झालं ते मी सांगत होते आणि हा रस्त्याकडे डोळे लावून उभा, जणू नवरा आत्ता रिक्षातून उतरेल. शेवटी देवदत्तांना ग्रंथालयातून उठवून आणलं. आता देवदत्त माणूस देवासारखा, माझी त्याबद्दल तक्रार नाही. पण बावीस वर्षं ग्रंथालयात ‘शांतता राखा’च्या पाटीखाली बसून त्यांना एक सवय लागली आहे. कोणी काही बोललं की मान डोलवायची. कळलं तरी डोलवायची, न कळलं तर जास्त डोलवायची. धोंडिरामनं त्यांना अर्धा तास समजावलं, यांनी अर्धा तास मान डोलावली, आणि आम्ही क्लचप्लेट नवी घालून घरी आलो. क्लचचा आणि या दुखण्याचा काय संबंध? मी विचारलं ना मिस्त्रीला. तो म्हणाला, “सायबास्नी सांगितलंय समदं.” सायबास्नी विचारलं, तर ते म्हणाले, “मला वाटलं तुला कळलं असेल.”

पुढच्या शनिवारी गाडी घाटात तशीच रडत चढली. मग साताऱ्याला नेली. महेंद्रशेठचं मोठं गॅरेज, काचेची केबिन, गाडीला वायर जोडून रोग सांगणारं मशीन. तिथं मी मशीनच्या पडद्यावर स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं, ॲक्च्युएटर म्हणून. (इंग्रजी येतं मला. बी.एस्सी. वनस्पतिशास्त्र, पहिला वर्ग. पण हे कुणाच्या कपाळावर लिहिलेलं नसतं.) महेंद्रशेठ मला म्हणाले, वहिनी, तुम्ही आत बसा, टीव्ही लावून देतो. यांना चहा, मला टीव्ही! मी आत टीव्हीवर कुणाची तरी सासू कुणाला तरी विष घालताना बघतेय आणि बाहेर आमच्या देवमाणसाची मान डोलतेय. बाहेर येऊन बघते तर इंजिनाचं पाणी काढून टाकलेलं, पाने मांडलेले आणि सबंध टर्बो उतरवायची तयारी! डबीच्या ठिकाणी सबंध टर्बो! म्हणजे दाढ दुखतेय तर मुंडकंच बदला म्हणायचं. मी तिथं अशी ओरडले, मामा, की शेजारच्या पंक्चरवाल्यानंसुद्धा हात थांबवला. गाडी परत जोडायला लावली आणि घेऊन आले.

एवढ्यावर भागलं असतं तर मी पत्र लिहिलं नसतं. येताना आम्ही चहाला थांबलो. तिथं उंब्रजचा रविराज म्हणून एक गाड्यांचा दलाल भेटला. मी हात धुवायला गेले तेवढ्यात त्यानं यांना विचारलं, देऊन टाकता का गाडी? आणि यांनी काय केलं असेल? मी येईपर्यंत त्यानं यांच्या हातात नारळ ठेवला होता. व्यवहार पक्का! येत्या रविवारी येऊन गाडी घेऊन जाणार. माझी गाडी! मी घरभर थयथयाट केला, तर हे म्हणतात शब्द दिलाय. कुठला शब्द? तोंडातून एक अक्षर काढलं असतं तर शब्द म्हटला असता.

पण मी हातावर हात ठेवून बसणारी नाही. परवाच्या रविवारी पहाटेच गाडी काढली, सपाटीला ती बिचारी कण्हत का होईना चालते, आणि थेट आष्टा गाठलं, तुमच्या हाताखाली तयार झालेल्या गुंडा मिस्त्रीकडे. (तुम्ही दोघं कवठे महांकाळला अंकिताकडे बारशाला, नाहीतर तुम्हालाच उचलून नेलं असतं.) हे बरोबर होते, पुस्तक घेऊन. मी मनाशी ठरवलं होतं की आता यानं ‘मालक कुठायत’ म्हटलं तर तिथला पाना उचलायचा आणि पुढचं पुढं बघायचं. गुंडानं यांच्याकडे बघितलं नाही, माझ्याकडेही बघितलं नाही. तो थेट गाडीखाली गेला आणि तिथून विचारलं, “चढाला कितव्या गेरात नेली ताई?” मामा, खोटं कशाला सांगू, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तीन आठवड्यांत मला कोणी गाडीबद्दल विचारलेला तो पहिला प्रश्न. म्हटलं, पहिल्या. तर म्हणाला, “झ्याक केलंसा, न्हाईतर इंजान तापलं असतं.” हे वाक्य मी चौकट करून भिंतीवर लावणार आहे.

मग त्यानं दांडी बोटानं हलवून दाखवली, ती हलेना. नवी डबी त्याच्याकडे होती. उजेडाला बॅटरी मी धरली. तीन बोल्ट, एक चाप, एक वायरीचा प्लग, झालं! त्यानंतर लॅपटॉप जोडून नव्या डबीला कुठवर उघडायचं, कुठवर मिटायचं ते शिकवलं. जुनी डबी फोडून बघितली तर आत चमचाभर पाणी आणि गंज. कंपन्या झाकणंसुद्धा धड बसवत नाहीत, आणि यंदाचा पाऊसही मेला दिवाळीपर्यंत हटला नाही, दुसरं काय? काल मुद्दाम घाट चढून आले. तिसऱ्या गेरात! ते स्कूटरवाले मात्र भेटले नाहीत.

मामींना नमस्कार, अंकिताच्या बाळाला पापा. लोभ आहेच, तो वाढवायला आता तुम्हाला सांगलीहून यावं लागेल, कसं ते खाली लिहिते.

तुमची,
चारू

ता. क. रविवारी सकाळी नऊच्या आत आमच्याकडे या आणि ओसरीवर, गाडीच्या अगदी समोर, खुर्ची टाकून बसा. कानाचं मशीन आणू नका. रविराज काहीही बोलला तरी तुम्हाला ऐकू येणार नाही, आणि वडीलधाऱ्या माणसाला ओलांडून गाडी काढायची त्याची छाती होणार नाही. गाडीचे कागद देवदत्तांच्या नावावर आहेत (शोरूमवाल्यानं मला न विचारताच तसं लिहिलं, आणि हे शेजारी मान डोलवत होते), त्यामुळे कायद्यानं मला हूं म्हणता येत नाही. गाडी गेली तर माझी नर्सरी गेली, मामा. हे मी हसण्यावारी लिहीत नाही.

ता. क. दुसरा. यांना यातलं काही सांगू नका. घरातला डिंक संपलाय, म्हणून पाकीट ग्रंथालयात चिकटवून सांगलीच्या एसटीच्या ड्रायव्हरकडे द्यायला यांच्याच हाती देतेय. काळजी नको. हे पुस्तकांच्या पाठीच तेवढ्या वाचतात.

मामा, सा. न. पत्र उघडं होतं आणि विषय मीच होतो, म्हणून वाचलं. रविराजना आत्ताच फोन करून नाही म्हणालो. तीनदा म्हणावं लागलं. मीच बोलतोय हे त्यांना पटेना. गाडी चारूच्या नावावर करायच्या फॉर्मवर सही केली आहे, संध्याकाळी तिच्या हातात देतो. तुम्ही रविवारी जेवायला मात्र या, आणि मशीन घालून या. पत्रात एक गोष्ट राहिली आहे. खंडेनवमीला पूजेच्या आधी चारूनं बॉनेट उघडून, नर्सरीच्या पंपाचा पाइप आत घालून इंजिन चकचकीत धुतलं. धुण्याआधी तिनं मला विचारलं होतं, “मारू ना पाणी?” मी मान डोलावली. – देवदत्त